बटाट्याची पेशी, नीरेचा पेला : डॉ. कमला सोहोनी यांचा शोधप्रवास

हैदराबादच्या तार्नाका परिसरात, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था उभी आहे. भारतीय माणसाच्या ताटातील कोणत्या पदार्थात किती प्रथिने, किती लोह आणि कोणती जीवनसत्त्वे आहेत, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर देशभर याच संस्थेच्या कोष्टकांतून शोधले जाते. ही संस्था मुळात हैदराबादची नव्हे. १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी तिचा पाया घातला. पुढे ती न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९५८ च्या सुमारास हैदराबादला स्थलांतरित झाली. कुन्नूरच्या त्या जुन्या पर्वात तिच्या सहायक संचालकपदावर एक मराठी विदुषी काम करीत होती. त्यांचे नाव डॉ. कमला भागवत. विवाहानंतर त्या डॉ. कमला सोहोनी या नावाने सर्वपरिचित झाल्या.

आज अँटिऑक्सिडंट हा शब्द औषधाच्या दुकानातील बाटल्यांवर आणि फळांच्या रसाच्या खोक्यांवर सर्रास दिसतो. आवळा, कोकम, हळद, हिरवा चहा, सगळे काही शरीराची प्रतिकारशक्ती वाढवते असे सांगितले जाते. या दाव्यांच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत. सजीव पेशीत ऑक्सिजन नेमके काय काम करतो, वनस्पतींतील कोणती द्रव्ये त्या कामात भाग घेतात, आणि त्यांचा माणसाला होणारा उपयोग मोजून कसा ठरवायचा? या तिन्ही प्रश्नांशी कमलाबाईंचे आयुष्य निगडित होते. त्यांचे चरित्र स्त्रीशिक्षणाच्या लढ्याची कथा म्हणून अनेकदा सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या विज्ञानासाठी त्या लढल्या, ते विज्ञानही तितकेच समजून घेण्याजोगे आहे.

रसायनशास्त्रज्ञांचे घराणे

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळुरूच्या ज्या विज्ञान संस्थेला लोक त्या काळी टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, त्या संस्थेच्या प्रारंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. घरात ग्रंथांचा आणि चर्चेचा वावर होता. थोरली बहीण दुर्गा पुढे लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आणि मराठीतील निर्भीड लेखिका दुर्गा भागवत म्हणून ख्यातनाम झाली. एका बहिणीने लोककथा, व्रतवैकल्ये आणि रानावनाचा ध्यास घेतला, तर दुसरीने प्रयोगशाळेतील परीक्षानळीचा. मात्र प्रस्थापिताला प्रश्न विचारण्याची वृत्ती दोघींत समान होती.

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत १९३३ मध्ये कमलाबाई रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडील आणि काका जेथे शिकले त्याच संस्थेत पुढील संशोधन करावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. गुणवत्ता निर्विवाद असल्याने प्रवेश ही केवळ औपचारिकता ठरेल, अशी घरच्यांची अपेक्षा होती.

बंगळुरूचे बंद दार

त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली होती. तीन वर्षांपूर्वीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि देशाच्या विज्ञानविश्वात त्यांचा शब्द अखेरचा मानला जात असे. कमला भागवत यांचा अर्ज त्यांनी नाकारला. कारण एकच होते, अर्जदार स्त्री होती. वडिलांनी आणि काकांनी केलेल्या विनंत्यांचा उपयोग झाला नाही.

कमलाबाई स्वतः बंगळुरूला गेल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेल्या या तरुणीने सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष त्या परीक्षाधीन राहतील, कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्या कामाला मान्यता मिळणार नाही, आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होईल या भयाची जबाबदारी एका स्त्रीवर टाकणारी ही अट त्यांनी स्वीकारली, कारण ती नाकारली असती तर दार पुन्हा मिटले असते. तो अपमान मात्र त्या कधीही विसरल्या नाहीत. उतारवयातही रामन यांच्या या वर्तनाविषयी त्या स्पष्टपणे बोलत असत आणि त्यांची वैज्ञानिक थोरवी मान्य करतानाच त्यांच्या दृष्टीचा संकुचितपणाही नोंदवीत असत.

संस्थेत त्यांना एम. श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक शिस्तीचे, पण निःपक्षपाती मार्गदर्शक लाभले. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या कामात त्यांनी दूध, कडधान्ये आणि शेंगवर्गीय धान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. विषयाची ही निवड अर्थपूर्ण होती. बहुसंख्य भारतीयांच्या जेवणात प्रथिनांचा मुख्य आधार डाळी आणि उसळी हाच होता आणि त्यांचे शास्त्रीय मोजमाप त्या काळी अगदी अपुरे होते. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले. १९३६ मध्ये कमलाबाईंनी विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पूर्ण केले. त्यांच्या कामामुळे संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसाठीही उघडले. एका मुलीच्या परीक्षाधीन वर्षावर तिच्यामागून येणाऱ्या अनेकींचे भवितव्य अवलंबून होते, ही जाणीव त्या वर्षभर त्यांच्या खांद्यावर होती.

केंब्रिज आणि पेशीचा श्वास

शिष्यवृत्तीच्या बळावर १९३७ मध्ये त्या केंब्रिजला पोहोचल्या आणि न्यूनम महाविद्यालयात दाखल झाल्या. त्या वेळी सजीव पेशी ऑक्सिजनचा उपयोग कसा करते, या प्रश्नाचे जगातील एक प्रमुख केंद्र केंब्रिज हेच होते. जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलँड हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वविषयक कार्यासाठी १९२९ मध्ये नोबेल मिळाले होते. पेशीतील ग्लुटाथायोन या द्रव्यावरील पायाभूत काम त्यांचेच होते. हे द्रव्य आज शरीरातील एक प्रमुख अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखले जाते. हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हॉपकिन्स यांच्याच प्रयोगशाळेत एक अम्ल वेगळे केले होते आणि ते पुढे क जीवनसत्त्व ठरले. कमलाबाई केंब्रिजला आल्या त्याच वर्षी सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल जाहीर झाले. पेशींतील सायटोक्रोम या रंगद्रव्यांचे महत्त्व १९२५ मध्ये जगापुढे आणणारे डेव्हिड कायलिनही केंब्रिजमध्येच कार्यरत होते.

प्रारंभी कमलाबाईंनी डेरेक रिश्टर यांच्यासमवेत काम केले. प्राण्यांच्या ऊतींमध्ये फिनॉलवर्गीय द्रव्यांचे आणि ॲड्रिनॅलिनचे ऑक्सिडीभवन करणाऱ्या विकरांवरील त्यांचा संयुक्त निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. कापलेले सफरचंद किंवा वांगे हवेत ठेवले की तांबूस पडते, त्यामागे वनस्पतीतील फिनॉलवर्गीय द्रव्यांचे असेच ऑक्सिडीभवन असते. आज पॉलिफिनॉल या नावाने जी वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट द्रव्ये गाजतात, ती याच मोठ्या कुळातील आहेत.

रिश्टर अन्यत्र गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल हे वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावरील संशोधनासाठी पुढे जगप्रसिद्ध झाले. कमलाबाईंच्या हाती आता साधा बटाटा आला. प्राण्यांच्या पेशीत ऑक्सिजनचा वापर सायटोक्रोमच्या मार्गाने होतो, हे तोवर समजले होते. वनस्पतींच्या पेशीतही हीच यंत्रणा आहे काय, याचा निर्णायक पुरावा हवा होता. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी आढळले आणि वनस्पतींच्या पेशींतील ऑक्सिडीभवनात त्याचा वाटा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. माणसाचे हृदय आणि जमिनीखालचा कंद यांच्या पेशी एकाच पद्धतीने श्वास घेतात, असा या शोधाचा व्यापक अर्थ होता.

हे सारे काम त्यांनी १४ महिन्यांत पूर्ण केले. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली आणि विज्ञान शाखेत ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना झाली. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना केवळ नाममात्र पदवी देत असे. पुरुष पदवीधरांचे पूर्ण हक्क तेथील स्त्रियांना १९४८ मध्ये प्राप्त झाले. बंगळुरूची अट आणि केंब्रिजचा नियम यांतील अंतर वाटते तेवढे मोठे नव्हते.

कुन्नूरची प्रयोगशाळा

परदेशात संशोधनाची संधी असतानाही १९३९ मध्ये कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर त्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून रुजू झाल्या. येथे त्यांचा मुख्य विषय जीवनसत्त्वांचे परिणाम हा होता.

सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३६ मध्ये लिंबू आणि लाल मिरचीतून फ्लेव्होनॉइड वर्गातील काही द्रव्ये मिळवली होती. ती रक्ताच्या केशवाहिन्यांचा ठिसूळपणा कमी करतात, असे त्यांना वाटले आणि त्यांनी या द्रव्यांना पी जीवनसत्त्व असे नाव दिले. कुन्नूरमध्ये कमलाबाईंनी अभ्यासलेल्या विषयांत हे पी जीवनसत्त्वही होते. कालांतराने असे दिसून आले की या द्रव्यांच्या अभावी कोणताही ठरावीक रोग होत नाही. साहजिकच जीवनसत्त्व हे बिरुद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. पुढे अनेक दशकांनी हीच द्रव्ये अँटिऑक्सिडंट म्हणून नव्या दिमाखात बाजारात परतली. एखाद्या वनस्पतिजन्य द्रव्याला मोठे नाव देणे सोपे असते, ते नाव पुराव्यावर टिकवणे कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मुंबई : वाल आणि नीरा

१९४७ मध्ये विमाशास्त्रज्ञ माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाबाई मुंबईत आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग उभा राहत होता आणि त्याची जबाबदारी त्यांनी घेतली. येथे त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली आणि संशोधनाचा विषय म्हणून पुन्हा सामान्य माणसाचे जेवण निवडले.

वालासारख्या कडधान्यांवरील त्यांचे काम विशेष उल्लेखनीय आहे. कडधान्यांत प्रथिने भरपूर असली, तरी त्यांचे पचन रोखणारी द्रव्येही त्यांच्यात असतात. आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणाऱ्या या द्रव्यांचा अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात केला. उष्णतेने अशा द्रव्यांचा जोर बहुतांशी ओसरतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून आणि शिजवून खाण्याची आपल्या घरांतील रीत शास्त्राच्या कसोटीला उतरते ती अशी. वनस्पतीतील प्रत्येक द्रव्य माणसाच्या हितासाठीच असते, हा भाबडा समज या संशोधनाने खोडून काढला. वनस्पती आपली द्रव्ये स्वतःच्या रक्षणासाठी निर्माण करते. माणसाने त्यांतील हितकारक आणि अहितकारक यांची पारख करायची असते.

नीरेवरील संशोधन हे त्यांचे सर्वांत गाजलेले कार्य. माडाला अथवा ताडाला छेद देऊन रात्रभर मडक्यात साठलेला गोड रस आंबण्यापूर्वी घेतला तर ती नीरा, आणि आंबला की तोच सूर. सुरापासून पुढे माडाची फेणी बनते, हे गोव्यातील वाचकांना वेगळे सांगायला नको. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्यांचा शोध घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. नीरा आटवून केलेल्या गुळात आणि काकवीतही त्यांतील पोषक घटक टिकून राहतात, असा निष्कर्ष निघाला. केवळ रासायनिक पृथक्करणावर त्या थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत झालेली सुधारणाही तपासण्यात आली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. गरिबाच्या दारात उभ्या असलेल्या झाडातून त्याचे पोषण कसे साधेल, हा या साऱ्या खटाटोपाचा उद्देश होता.

एवढे करूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले. पात्रता असताना अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. अखेर त्या संचालक झाल्या. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत मार्गदर्शन केले.

पेशीतील शस्त्र आणि हैदराबादचे निष्कर्ष

कमलाबाई बंगळुरूच्या दारात उभ्या होत्या त्याच १९३३ च्या सुमारास शिकागोमध्ये दोन संशोधकांना एक गोष्ट आढळली. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळताना एरवीपेक्षा कितीतरी अधिक ऑक्सिजन शोषून घेतात. या पेशींना जंतू पचवायला अधिक ऊर्जा लागत असावी, असा त्याचा अर्थ तेव्हा लावण्यात आला. पुढील चार दशकांत वेगळेच सत्य उलगडले. या पेशी तो ऑक्सिजन श्वासासाठी वापरत नाहीत, तर त्यापासून शस्त्र घडवतात. ऑक्सिजनचे रूपांतर सुपरऑक्साइड या अतिक्रियाशील स्वरूपात होते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अन्य जहाल द्रव्ये बनतात आणि जंतू नष्ट होतो.

पांढऱ्या पेशींतून सुपरऑक्साइड बाहेर पडते, हे १९७३ मध्ये बर्नार्ड बेबियर आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी वापरलेली मोजपट्टी होती सायटोक्रोम-सी. सुपरऑक्साइडमुळे या प्रथिनाच्या रंगात सूक्ष्म बदल होतो आणि तो मोजता येतो. ज्या रेणूचा मागोवा कमलाबाईंनी बटाट्यात घेतला, तोच रेणू रोगप्रतिकारक पेशींची ऑक्सिडीकारक शक्ती मोजण्याचे साधन ठरला. एवढेच नव्हे, तर ही शक्ती निर्माण करणाऱ्या विकरातही सायटोक्रोम कुळातील एक प्रथिन असल्याचे १९७८ मध्ये स्पष्ट झाले. काही मुलांत जन्मतःच हे विकर निकामी असते. त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण अनेक प्रकारच्या जंतूंना मारू शकत नाहीत, आणि अशी मुले वारंवार गंभीर संसर्गाला बळी पडतात. ऑक्सिडीभवन म्हणजे केवळ शरीराची झीज नव्हे, ते शरीराचे संरक्षणही आहे.

मग वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंटचे काम काय? पांढऱ्या पेशी क जीवनसत्त्व रक्तद्रवातील प्रमाणाच्या कितीतरी पट अधिक साठवून ठेवतात. जंतूवर उधळलेल्या आगीत स्वतः होरपळू नये आणि आसपासच्या निरोगी ऊतींना झळ लागू नये, यासाठी हा साठा उपयोगी पडतो. हळदीतील कुरक्युमिन, अनेक फळभाज्यांतील क्वेर्सेटिन, चहातील कॅटेचिन यांसारखी द्रव्ये प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींचा ऑक्सिडीकारक जोर कमी करतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या दाहात असा लगाम हितकारक ठरू शकतो. मात्र जंतूशी झुंज सुरू असताना शस्त्राची धार बोथट करणे म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणे नव्हे. शिवाय परीक्षानळीतील मात्रा आणि जेवणातून रक्तात पोहोचणारी मात्रा यांत मोठी तफावत असते. आतड्यातून ही द्रव्ये अल्प प्रमाणात शोषली जातात आणि यकृतात त्यांचे रूप पालटते. काही पॉलिफिनॉल तर सायटोक्रोम-सीशी थेट क्रिया करून मोजमापातच घोटाळा करतात.

या विषयातील एक महत्त्वाचा धागा हैदराबादमध्ये विणला गेला. १९६९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव धारण केलेल्या या संस्थेतील संशोधकांनी १९७० च्या दशकात कुपोषण आणि प्रतिकारशक्ती यांच्या संबंधाचा अभ्यास केला. रक्तक्षय असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता कमी झालेली त्यांना आढळली. यामागील कार्यकारणभाव समजण्याजोगा आहे. सायटोक्रोम असो वा जंतुनाशक रसायने तयार करणारी पांढऱ्या पेशींतील अन्य विकरे, त्यांच्या गाभ्यात लोह असते. लोह तुटले की शस्त्र घडवणारी भट्टीच थंडावते. कमलाबाईंनी नीरेतील लोह आणि क जीवनसत्त्व एकत्र मोजले होते. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह आतड्यातून अधिक चांगले शोषले जाते, हे आता सुस्थापित आहे. भुकेल्या आणि रक्तक्षयी मुलाला अँटिऑक्सिडंटच्या गोळीची गरज नसते. त्याच्या पेशीला लढण्याचे आणि लढाई संपल्यावर शांत होण्याचे, अशी दोन्ही साधने आहारातून मिळावी लागतात.

गोळ्यांचा अनुभव सावध करणारा आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. गाजर, भोपळा आणि लाल माठ खाण्यात जे हित आहे, ते त्यांतील एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत गिळण्यात असेलच असे नाही. सामान्य माणसाने क जीवनसत्त्वाच्या गोळ्या नियमित घेतल्याने सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही, असाच एकत्रित चाचण्यांचा कौल आहे. सर्दीचा कालावधी तेवढा किंचित घटतो.

ग्राहकांची शास्त्रज्ञ

निवृत्तीनंतर कमलाबाईंनी आपले ज्ञान प्रयोगशाळेबाहेर नेले. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत त्या सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. मराठीतून मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. केंब्रिजच्या पदवीइतकेच महत्त्व त्यांनी या कामाला दिले. मिरचीपूड, तेल किंवा दूध विकत घेणाऱ्या गृहिणीला आपण नेमके काय विकत घेतो हे कळले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती आणि तिच्यामागे आयुष्यभराची मोजमापाची सवय होती.

प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना त्यांच्या कार्याची माहिती झाली आणि त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार योजला गेला. हैदराबादची पोषण संस्था याच परिषदेच्या छत्राखाली येते, म्हणजे हा एका अर्थाने माहेरचा सन्मान होता. १९९८ मध्ये झालेल्या या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ज्या व्यवस्थेने त्यांना प्रथम अटी घातल्या, नंतर चार वर्षे थांबवले, तिने मोकळ्या मनाने दिलेली दाद त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या क्षणी पोहोचली.

२०१७ मध्ये हैदराबादच्या संस्थेने भारतीय अन्नघटकांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण आहे आणि प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे यांच्या जोडीने पॉलिफिनॉल द्रव्यांचीही स्वतंत्र नोंद आहे. कुन्नूरच्या काळात ज्या द्रव्यांना तात्पुरते जीवनसत्त्व म्हटले गेले, त्यांची आता पदार्थागणिक मोजदाद झाली आहे. एखाद्या भाजीत हे द्रव्य किती आहे, हे त्या आकड्यांवरून सांगता येते. ते शरीरात जाऊन किती उपयोगी पडते, हे सांगण्यासाठी माणसांवरील काटेकोर अभ्यास हवेत. कमलाबाईंनी नीरेबाबत हा फरक नेमका ओळखला होता. आधी त्यांनी रस मोजला आणि मग तो पिणाऱ्या मुलांची प्रकृतीही तपासली. प्रतिकारशक्तीच्या नावाने नित्य नवी बाटली बाजारात येत असताना, तिच्यावरील दावा यांपैकी कोणत्या पायरीवर उभा आहे हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे.